इंजिन थंड राहते तेव्हा

मोटारगाडीचे इंजिन तापले की मालकाचे धाबे दणाणते. बॉनेटखालून वाफ निघू लागते, गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागते आणि क्षणार्धात चार सल्लागार गोळा होतात. याउलट इंजिन आवश्यकतेपेक्षा थंड चालत असेल तर त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. तापमान दाखवणारा काटा खालच्या बाजूस रेंगाळत राहतो आणि मालक समाधानाने सांगतो की, आपली गाडी मुळीच तापत नाही. त्याची तक्रार निराळीच असते. गाडीचे अ‍ॅव्हरेज उतरले, पंपावरच्या फेऱ्या वाढल्या, पेट्रोलमध्ये भेसळ असावी, असे तो म्हणतो. काट्याचे खाली राहणे आणि पेट्रोलचे अधिक जळणे या दोन गोष्टी एकाच बिघाडाच्या दोन खुणा असू शकतात, ही कल्पना त्याच्या मनाला शिवत नाही. चेन्नईसारख्या शहरात तर ती शिवण्याचे कारणही नसते. मे २००३ मध्ये जेथे पारा ४५ अंशांवर गेला होता आणि जेथे जानेवारीतली पहाटही क्वचितच २० अंशांच्या खाली उतरते, तेथे एखादे यंत्र 'थंड पडते' हे वाक्यच विनोदी वाटते.

तथापि इंजिनाच्या दृष्टीने ३५ अंश म्हणजे थंडीच होय. त्याला हवे असते ८५ ते १०० अंशांच्या दरम्यानचे तापमान. हवेत ३५ अंश असोत की १५, इंजिनाला चढायची चढण दोन्हीकडे मोठीच आहे. चेन्नईत ती थोडी कमी, एवढेच.

तिरुवल्लिकेणीचे रस्ते

हा प्रश्न समजावून घेण्यासाठी तिरुवल्लिकेणीइतका सोयीचा परिसर शोधून सापडणार नाही. इंग्रजी अमदानीत ज्याचे 'ट्रिप्लिकेन' झाले ते हे चेन्नईतील जुने उपनगर. पार्थसारथी पेरुमाळाचे मंदिर आणि त्याचे तळे, चेपॉकचे क्रिकेट मैदान, झाम बाजार, पूर्वेला मरीनाचा विस्तीर्ण किनारा, असा त्याचा पसारा. तंजावरच्या मराठी राज्याच्या निमित्ताने दक्षिणेत स्थिरावलेल्या घराण्यांपैकी अनेक कुटुंबे पुढे मद्रासेत आली आणि त्यांतील काही याच भागात राहिली. घरात तंजावरी वळणाचे मराठी आणि दारात तमिळ, असा त्यांचा दुहेरी संसार आजही चालतो.

मोटारींचा आणि या परिसराचा संबंध जुना आहे. शेजारच्या माउंट रोडवरील, म्हणजे आजच्या अण्णा सालैवरील, सिम्पसन कंपनी १८४० मधली. घोडागाड्या बांधण्यापासून तिची कीर्ती. तेथील सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी १९०३ मध्ये वाफेवर चालणारी मोटार तयार करून मद्रासच्या रस्त्यावर आणली. याच कंपनीने स्वातंत्र्यानंतर पर्किन्स बनावटीची डिझेल इंजिने तयार केली. जनरल पॅटर्स रोडवर सुट्या भागांची दुकाने आहेत, तर कूवम नदीपलीकडच्या पुदुपेट्टैत जुन्या गाड्या सोडवून त्यांचे भाग विकण्याचा मोठा बाजार भरतो. गाडीचा कोणताही भाग मिळणार नाही, अशी अडचण तिरुवल्लिकेणीतील रहिवाशाला फारशी येत नाही. अडचण असते ती कोणता भाग बदलायचा हे ठरवण्याची.

या भागातील गाडी कशी चालते तेही पाहिले पाहिजे. सकाळी मुलांना शाळेत सोडणे, मंडईत जाणे, अण्णा सालैवरील कचेरी गाठणे, संध्याकाळी देवदर्शन. प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरांची आणि तीही अरुंद गल्ल्यांतून, गर्दीतून. अशा फेरीत इंजिन पुरते गरम होण्याआधीच बंद केले जाते. कागदावर १८ किलोमीटर देणारी गाडी येथे ११-१२ वर आली तर तो बिघाड नव्हे. निदानाच्या वाटेवरचा हा पहिला खड्डा आहे. जो दोष नाहीच तो दुरुस्त करण्यासाठी पैसे घालवणारे मालक थोडे नाहीत.

उष्णतेची गरज कशासाठी?

पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहून कमी भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि राहिलेला भाग इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये उतरतो. रेडिएटर ही उष्णता हवेत सोडून देतो. सर्वसामान्य समज असा की, जितके अधिक थंड करता येईल तितके इंजिनाला बरे. वस्तुतः थंड करणे हे साधन आहे. साध्य आहे ते ठरावीक तापमान टिकवणे.

ते टिकले नाही तर काय होते? पेट्रोल थंड धातूवर आदळून थेंबांच्या रूपात साचते. त्याची नीट वाफ होत नाही आणि जे वाफ होत नाही ते नीट जळतही नाही. ही तूट भरून काढण्यासाठी गाडीचा संगणक, ज्याला मेकॅनिक ईसीयू म्हणतात, अधिक पेट्रोल सोडतो. जुन्या अ‍ॅम्बॅसडर, फियाट किंवा मद्रासमध्येच तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेराल्ड गाड्यांत हेच काम चोकची दांडी ओढून केले जाई आणि ती परत आत ढकलायला विसरणाऱ्या चालकाला काळ्या धुराने आठवण करून दिली जाई. आजच्या गाडीत चोक दिसत नाही, पण संगणकाच्या आत तो आहेच. इंजिन थंड आहे असे त्याला वाटेपर्यंत तो थोडाफार ओढलेला राहतो.

याखेरीज थंड तेल दाट असते. पिस्टन आणि बेअरिंगे त्यातून फिरवताना अधिक शक्ती खर्ची पडते. इंजिन स्थिर असताना त्याची गती चढी राहते. काही स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत वरचा गिअर पक्का धरला जात नाही. सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत ती सोय कामच करत नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांत तर एक निराळीच पंचाईत होते. त्यांच्या धुराच्या गाळणीतील काजळी ठरावीक अंतराने जाळून टाकण्याची प्रक्रिया इंजिन पुरेसे गरम असल्याशिवाय सुरूच होत नाही. गाळणी भरत जाते आणि मालकाला वाटते की गाळणीच निकामी निघाली.

हा सारा तोटा डोळ्यांना न दिसणारा. त्याहून न दिसणारा तोटा म्हणजे झीज. १९३०च्या दशकात ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्स या संस्थेच्या संशोधनातून असे दिसून आले की, सिलिंडरच्या भिंतीचे तापमान फार खाली राहिले तर तिची झीज झपाट्याने वाढते. ज्वलनातून निर्माण होणारी पाण्याची वाफ थंड भिंतीवर दवासारखी जमते, धुरातील वायू तिच्यात विरघळून आम्ल होते आणि ते धातू खाते. आजच्या बीएस-६ इंधनात गंधकाचे प्रमाण दशलक्षात १० भागांपेक्षा अधिक नसते, त्यामुळे आम्लाचा उपद्रव पूर्वीइतका नाही. पण न जळलेले पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून तेल पातळ करते, हा त्रास कायमच आहे. तेलाच्या दांडीला पेट्रोलचा वास येत असेल किंवा तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय जमलेली दिसत असेल तर इंजिन वारंवार थंडच चालते आहे असे समजावे. पावसाळ्यात आणि छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ही साय थोडी जमतेच. पण तेलाची पातळी आपोआप वाढू लागली तर मात्र दुर्लक्ष करू नये.

मेणाची एक डबी

तापमान सांभाळण्याचे काम थर्मोस्टॅट नावाचा एक लहानसा भाग करतो. त्याच्या पोटात एक धातूची डबी असते आणि तिच्यात विशिष्ट प्रकारचे मेण भरलेले असते. ठरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या आसपास, हे मेण वितळून फुगते, दट्ट्या ढकलते आणि झडप उघडते. तोवर इंजिनातले पाणी रेडिएटरकडे जात नाही. ते आतल्या आत, बायपासमधून फिरत राहून लवकर गरम होते. थंड झाले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप मिटवते. अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी १९३०च्या दशकात विकसित केलेली ही युक्ती आजही बहुसंख्य गाड्यांत वापरली जाते. उघडण्याचे तापमान थर्मोस्टॅटवर कोरलेले असते.

दक्षिणेत काय, महाराष्ट्रात काय, अनेक मेकॅनिकांनी वर्षानुवर्षे या भागाशी उभे वैर धरले आहे. 'हा थंड देशांसाठी असतो, आपल्याकडे त्याचे काम नाही' असे सांगून तो काढून टाकला जातो. जुनी गाडी घेताना तो आधीच्याच मालकाच्या काळात काढलेला असण्याची शक्यता पुष्कळ असते. या सल्ल्यामागे दुष्ट हेतू नसतो. मेण-डबी निकामी होऊन झडप मिटलेली राहिली तर इंजिन तापून हेड वाकते आणि दोष मेकॅनिकवर येतो. झडपच नसेल तर तो धोका उरत नाही, असा त्याचा हिशेब असतो.

हा हिशेब चुकीचा आहे. थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी गर्दीत बरी वाटते आणि मोकळ्या रस्त्यावर कायम थंड चालते, एवढ्यावरच भागत नाही. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. एक रेडिएटरची वाट उघडते त्याच वेळी दुसरी बायपासची वाट बंद करते. तो काढला की बायपास सदैव उघडा राहतो. मग ऐन उन्हाळ्यात, एसी चालू असताना आणि गाडी चढावर असताना पाण्याचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच गरम इंजिनात परततो. ज्या भीतीने भाग काढला तीच गोष्ट घडते. हिवाळ्यात थंड आणि उन्हाळ्यात तापट अशी गाडी दिसली की प्रथम हाच संशय घ्यावा.

आधी मोजमाप, मग पाना

अ‍ॅव्हरेज उतरले हे खरोखर उतरले आहे काय, याची खात्री केल्याशिवाय बॉनेट उघडू नये. त्याची रीत सोपी आहे. एकाच पंपावर, गाडी सपाट जागी उभी करून, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी. दोन आकड्यांतील फरकाला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागावे. असे निदान तीन वेळा केल्यावर जी सरासरी येते ती विश्वसनीय. पाचशे रुपयांचे पेट्रोल घालून दिवा लागेपर्यंतचे अंतर मोजण्याची पद्धत म्हणजे निव्वळ अंदाज. डॅशबोर्डवर दिसणारा आकडाही काहीसा उदार असतो.

नंतर इंजिन खरोखर थंड आहे काय, हे पाहावे. येथे काट्यावर विसंबू नये. काही गाड्यांत काट्याला माहिती देणारा सेन्सर वेगळा आणि संगणकाला माहिती देणारा वेगळा असतो. पहिला बिघडला तर काटा खोटे बोलतो आणि अ‍ॅव्हरेजवर काही परिणाम होत नाही, दुसरा बिघडला तर काटा मध्यावर असूनही पेट्रोल उधळले जाते. अलीकडच्या पुष्कळ लहान गाड्यांत काटाच नसतो. गाडी सुरू करताना निळा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो; तो विझायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागू लागला तर तीच खूण.

भारतात २०१० नंतरच्या बीएस-४ गाड्यांत संगणकाशी बोलण्याची सोय क्रमाने सक्तीची झाली. स्टिअरिंगखालच्या खाचेत बसणारे आणि मोबाइलवर आकडे दाखवणारे छोटे उपकरण आज सहज मिळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी पहाटे फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये, आणि दोन आकडे पाहावेत : कूलंटचे तापमान व आत येणाऱ्या हवेचे तापमान. दोन्ही बाहेरच्या हवेइतके, फार तर दोन-चार अंशांच्या फरकाने, असले पाहिजेत. बाहेर २८ अंश असताना कूलंट १० अंश दाखवत असेल तर इंजिन थंड नाही, सेन्सर किंवा त्याची तार खोटी आहे. आकडा उणे ४० असेल तर तार तुटली आहे किंवा जोड निखळला आहे, हे जवळजवळ निश्चित.

मरीनाच्या काठी राहणाऱ्यांनी या जोडाकडे विशेष लक्ष द्यावे. कूलंटच्या सेन्सरचा विद्युत रोध तापमान वाढले की कमी होतो. साधारणतः २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम असलेला रोध ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने जोडाच्या पिनांवर हिरवट गंज चढला की रोधात भर पडते आणि संगणकाला इंजिन आहे त्याहून थंड वाटू लागते. तो इमानेइतबारे अधिक पेट्रोल सोडत राहतो. अशा वेळी थर्मोस्टॅट तीनदा बदलला तरी गुण येणार नाही. पिना साफ केल्या की काम होते.

एका गाडीसाठी दोन रस्ते

सेन्सर खरा ठरला आणि तरी तापमान ७०-७५ च्या वर जात नाही असे दिसले, तर पुढचा निवाडा रस्त्यावर होतो. तिरुवल्लिकेणीतून निघणाऱ्याला दोन परीक्षक फुकट लाभले आहेत. संध्याकाळी सहा वाजता अण्णा सालैवरील गर्दीत अर्धा तास गाडी चालवावी आणि आकडा टिपावा. दुसऱ्या दिवशी पहाटे कामराजर सालै, अड्यार, तिरुवान्मियूर या मार्गाने ईस्ट कोस्ट रोडला लागून मामल्लपुरमच्या दिशेने पंधरा-वीस किलोमीटर वेगमर्यादेत, एकसारख्या गतीने जावे व पुन्हा आकडा टिपावा.

गर्दीत तापमान ८५-९० पर्यंत चढते आणि मोकळ्या रस्त्यावर ६५-७० वर घसरते, असे आढळले तर थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे किंवा तो बसवलेलाच नाही. वेगाने जाताना समोरचा वारा रेडिएटरमधून आरपार जातो आणि झडप मिटत नसल्यामुळे त्याला अटकाव करणारे काहीच नसते. चांगल्या थर्मोस्टॅटची गाडी दोन्ही रस्त्यांवर जवळपास एकच आकडा दाखवते.

याच्या उलट, गर्दीत व उभ्या गाडीतही तापमान खालीच राहते आणि पंख्याचा घरघराट थांबतच नाही, असे असेल तर पंख्याकडे वळावे. विजेचा पंखा कूलंट बहुधा ९० अंशांच्या वर गेल्यावर सुरू व्हायला हवा व ते उतरल्यावर थांबायला हवा. एखाद्या उन्हाळ्यात गाडी तापली म्हणून पंख्याची तार थेट बॅटरीला जोडून दिलेली असते आणि पुढे ती गोष्ट सर्वजण विसरतात. मोठ्या डिझेल गाड्यांत पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याला मधे एक सैल जोड असतो. तो आवळून बसला की पंखा सदैव पूर्ण वेगाने फिरतो आणि इंजिनाची शक्ती स्वतःसाठी खातो. रात्रभर उभ्या गाडीचा हा पंखा इंजिन बंद असताना हाताने फिरवल्यास किंचित जड पण एकसारखा फिरला पाहिजे. मात्र एसी चालू असताना विजेचा पंखा फिरणारच, म्हणून त्याची परीक्षा एसी बंद करूनच करावी.

उपकरण नसेल तर हाताची परीक्षा आहे. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीवर अधूनमधून हात ठेवावा. थर्मोस्टॅट वरच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या गाड्यांत ही नळी बराच वेळ कोमट राहून मग अल्पावधीत चांगलीच तापली पाहिजे. ती पहिल्या मिनिटापासून इंजिनाबरोबर हळूहळू तापत गेली तर झडप मिटत नाही. ही परीक्षा करताना वेष्टीचे टोक, पदर, मनगटातला दोरा पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावा. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. आणि गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही सबबीवर उघडू नये. दाबाखाली असल्यामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते; झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते.

दुरून तापमान सांगणारी पिस्तुलाच्या आकाराची उपकरणेही आता स्वस्त झाली आहेत. ती चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर रोखली तर आकडा फसवा, बहुधा कमी येतो. रबरी नळीवर किंवा धातूला काळी पट्टी चिकटवून तिच्यावर मोजावे.

खालचा काटा, वरचा धोका

या सर्व तपासात एक गोष्ट सर्वांत आधी पाहायची असते आणि नेमकी तीच बऱ्याचदा पाहिली जात नाही. ती म्हणजे कूलंटची पातळी. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच त्याला पाण्याचे तापमान कळते. गळतीमुळे पाणी उतरले आणि सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा राहिला तर काटा अचानक खाली येतो, चढतो, पुन्हा खाली येतो. मालकाला वाटते इंजिन थंड झाले; प्रत्यक्षात ते जळण्याच्या बेतात असते. काटा एकदम कोसळला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, निवेपर्यंत थांबावे आणि मगच पातळी पाहावी. हेड गॅस्केट जाणे, हेड वाकणे हे खर्च थर्मोस्टॅटच्या किमतीच्या कितीतरी पट असतात.

पातळी उतरली की ती कशाने भरली जाते, हाही तिरुवल्लिकेणीत जिव्हाळ्याचा विषय आहे. गावाच्या नावातच केणी म्हणजे विहीर-तळे आहे; पण समुद्रानजीकच्या या भागातले भूजल अनेक ठिकाणी मचूळ लागते. २०१९च्या जूनमध्ये शहराला पाणी पुरवणारे जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि टँकरमागे घागरींच्या रांगा लागल्या, तेव्हा माणसालाच गोडे पाणी दुर्मिळ होते. गाडीच्या वाट्याला बोअरचे पाणी आले तर नवल नव्हे. असे खारे, जड पाणी रेडिएटरात पांढरा थर आणि इंजिनात गंज तयार करते. गंजाचा कण झडपेच्या कडेत अडकला की थर्मोस्टॅट मिटत नाही. चेन्नईत पाणी गोठण्याची भीती नाही म्हणून कूलंटची गरज नाही, हा युक्तिवाद यामुळेच टिकत नाही. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये येथे गोठणरोधकापेक्षा महत्त्वाची आहेत. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट आणि शुद्ध, क्षारविरहित पाणी, एवढेच आत जावे.

घरच्या चुलीवरची परीक्षा

काढलेला थर्मोस्टॅट टाकून देण्यापूर्वी त्याची खरी परीक्षा घेता येते. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने अधांतरी टांगावा, तळाला टेकू देऊ नये, आणि शेजारी शंभराच्या वर मोजणारा तापमापक धरावा. थंड असताना झडप पूर्ण मिटलेली हवी. उजेडाकडे धरल्यास कडेने फट दिसू नये. पाणी तापत जाईल तशी ती कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे उघडू लागली पाहिजे आणि पाणी निवल्यावर पुन्हा घट्ट मिटली पाहिजे. ७० अंशांनाच उघडणारी झडप चालू दिसली तरी निकामीच समजावी. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये, हे सांगणे न लगे.

नवा थर्मोस्टॅट घेताना त्याच आकड्याचा घ्यावा. दुकानदाराने 'उन्हाळ्यासाठी' म्हणून ७६ अंशांचा सुचवला तरी नाकारावा. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूस आणि हवा सुटण्याची लहान पिन असल्यास ती वरच्या बाजूस, असा तो बसतो. उलटा बसवला तर इंजिन तापते आणि दोष नव्या भागाला दिला जातो.

सर्वच दोष थर्मोस्टॅटचा नव्हे

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. चेन्नईच्या हवेत उघड्या थर्मोस्टॅटमुळे होणारे नुकसान सहसा मर्यादित असते. इंजिन ७० अंशांवर चालत असेल तर अ‍ॅव्हरेजमध्ये थोडी घट होईल. ते निम्म्यावर येणार नाही. घट फार मोठी असेल तर कारण दुसरे असण्याचा संभव अधिक. चाकांत हवा कमी असणे, ब्रेक किंचित धरून राहणे, क्लच घसरणे, हवेची जाळी तुंबणे, ऑक्सिजन सेन्सर थकणे, पूर्वीपेक्षा मोठ्या आकाराचे टायर बसवल्यामुळे किलोमीटर कमी मोजले जाणे, अशी यादी लांबत जाईल. ब्रेकची खूण सोपी आहे. सपाट रस्त्यावर काही अंतर गेल्यानंतर चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन पाहावे. एकच चाक इतरांपेक्षा खूपच गरम असेल तर पेट्रोल तेथे जात आहे. हात टेकवू मात्र नये. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगाचा आणि टायरमधील योग्य दाबाचा जो सल्ला सातत्याने देत आली आहे, तो जुना झाला म्हणून खोटा झालेला नाही.

संगणकात नोंदलेले दोषांक या निवाड्यात मदत करतात. पी-०१२८ हा अंक इंजिन अपेक्षित तापमानाला पोहोचत नसल्याचे सांगतो, तर पी-०११५ ते पी-०११८ हे अंक सेन्सरच्या विजेच्या मार्गाकडे बोट दाखवतात. अंक दिसला म्हणजे निदान झाले असे मात्र नव्हे. पी-०१२८ हा कमी पातळीमुळेही येतो. तिरुवोत्रियूरला १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या बुलेटसारख्या हवेने थंड होणाऱ्या दुचाकींना यातले काहीच लागू नाही. त्यांना ना रेडिएटर, ना थर्मोस्टॅट.

हप्त्याच्या भाषेत

घरगुती गाडीला हा तोटा जाणवणार नाही, पण कर्जाऊ घेतलेल्या टॅक्सीला जाणवतो. समजा, एखादी टॅक्सी महिन्याला ३,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर देते. तिला २०० लिटर पेट्रोल लागेल. अ‍ॅव्हरेज दहा टक्क्यांनी उतरून साडेतेरावर आले तर तेवढ्याच धावेला २२२ लिटर लागतील. लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याला २,२०० आणि वर्षाला सुमारे २६,६०० रुपये अधिक गेले. सहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी वार्षिक दहा टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे १२,७५० रुपये येतो. म्हणजे वर्षाचे दोन हप्ते धुराड्यातून गेले. थर्मोस्टॅटची किंमत गाडीनुसार काही शेकड्यांपासून दोन-तीन हजारांपर्यंत असते.

वाहनकर्जाची शिफारस करणाऱ्या शाखेतील कर्मचाऱ्यांनाही हा हिशेब उपयोगी पडावा. जुन्या गाडीसाठी कर्ज मागणाऱ्याकडून इंधनखर्चाचा आकडा घेताना तो टाकी भरून मोजलेला आहे की ऐकीव, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो. हप्ता थकतो तेव्हा धंदा मंदावला असे कारण सांगितले जाते. धंदा तेवढाच असून खर्च वाढलेला असतो, हे कर्जदाराच्या स्वतःच्याही लक्षात आलेले नसते.

नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर कूलंट सावकाश भरावे, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत, गाडी पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू ठेवावी आणि पूर्ण निवल्यावर पातळी पुन्हा पाहावी. तेलात पेट्रोल उतरले असेल तर तेलही याच वेळी बदलावे. त्यानंतर ईस्ट कोस्ट रोडवरची तीच पहाटेची फेरी पुन्हा करावी, त्याच पंपावर तीन वेळा टाकी भरून आकडे मांडावेत आणि जुना थर्मोस्टॅट मेकॅनिककडून मागून घेऊन त्यावरचा अंक नव्याशी ताडून पाहावा.